तिघांतला चौथा

गळ्याची शपथ, कुलस्वामिनीची शपथ, आणि एवढ्यानं ज्याचं भागत नसेल त्याच्यासाठी जोतिबाच्या गुलालाची शपथ: या गोष्टीतला शब्दन् शब्द खरा आहे. आता ती अजून घडायची आहे, दहा-बारा वर्षं बाकी आहेत, पण एवढ्यावरून तिला कुणी खोटी म्हणू नये. पोटातलं पोर दिसत नाही म्हणून ते खोटं असतं का? तर मग. गुमान ऐका.

तासगावात स्टँडच्या मागं 'नूर फोटो' नावाचा स्टुडिओ होता. मालक मुबारक शिकलगार, साठी उलटलेले, डोक्यावर टोपी आणि गळ्यात कॅमेरा, दोन्ही अंघोळीपुरतेच उतरायचे. फोटो काढायचे त्यांनी आणि निवडायचे प्रणाली गुरवनं, अशी तिथली वाटणी. प्रणालीची नजर अशी होती की दोन जुळ्या मुंग्या समोर ठेवल्या तर त्यातली थोरली कुठली ते तिनं सांगितलं असतं. आणि त्या नजरेला काम पण तसंच होतं. त्या काळातला कॅमेरा बटण दाबायची वाट बघायचा नाही. डोळ्याला लावला की सेकंदाला तीस फोटो या वेगानं तो खातच सुटायचा. एका लग्नात फोटोंचा हा ढीग पडायचा, आणि त्यातून चारशे उचलायचे. बाकीचे सगळे एकासारखे एक. नवरी तीच, शालू तोच, फक्त एकात मामाचे डोळे मिटलेले आणि दुसऱ्यात आत्याचं तोंड उघडं.

हे निवडायला तिच्याकडं एक सॉफ्टवेअर होतं. कंपनीनं त्याला काहीतरी लांबलचक नाव दिलं होतं, पण तासगावात सगळे त्याला 'फरक्या' म्हणायचे. फरक्या सारखे दिसणारे फोटो गोळा करून त्यांच्या थप्प्या लावायचा. मग त्यातले दोन उचलून पडद्यावर शेजारीशेजार मांडायचा. डावीकडं मामाच्या नाकावर बोट ठेवलं की उजवीकडचं नाक पण तेवढंच मोठं व्हायचं. जिथं जिथं फरक असेल तिथं नारिंगी ठिपका. प्रणाली बघायची, एक ठेवायची, एक टाकायची.

त्या सोमवारी सकाळी ती सूर्यवंशी-खराडे लग्नाचे फोटो घेऊन बसली, तेव्हा फरक्यात रात्रीतून काहीतरी नवीन आलेलं होतं. प्रत्येक चेहऱ्याखाली एक बारीक हिरवी रेघ, वर-खाली होणारी.

"चाचा," तिनं हाक मारली, "पडद्यावर चरे पडलेत."

मुबारकचाचा चष्मा वर करून वाकले. "चरा कसला? हलतोय की."

मदतीचं पान उघडून दोघांनी वाचलं. कंपनीनं या रेघेला 'जीवरेषा' म्हटलं होतं, आणि त्यामागचं कारण असं. हृदयाच्या दर ठोक्याला रक्ताची एक लाट चेहऱ्यापर्यंत येते. कातडी केसभर लाल होते आणि परत उतरते. माणसाच्या डोळ्याला ते दिसत नाही. पण सेकंदातले तीस फोटो एकाशेजारी एक लावले, तर फरक्याला दिसतं. हे शोधायची गरज का पडली, तर लोकांनी अल्बममधे बनावट माणसं घालायला सुरुवात केली होती. दुबईतल्या भावाला सुट्टी नाही मिळाली? घाला बनवून. आजोबा चार वर्षांपूर्वी वारले? बांधा फेटा आणि बसवा पहिल्या रांगेत. पुढं पुढं असं झालं, की आपल्या लग्नाला खरंच कोण आलं होतं हे नवरा-नवरीला पण सांगता येईना. बनवलेल्या चेहऱ्याला ठोका नसतो, म्हणून ही रेघ. रेघ नीट दिसली तर माणूस खरा.

"म्हणजे आता नाडी पण आपणच बघायची," चाचा म्हणाले, आणि चहा सांगायला गेले.

दुपारपर्यंत काम सुरळीत चाललं. नवरीची रेघ टिटवीसारखी धावत होती, नवऱ्याची त्याहून जोरात. मग बाराव्या थप्पीवर फरक्या अडला. नवरीचे वडील, काका आणि आत्या उभे होते, आणि त्यांच्या डाव्या अंगाला बिस्किटी सफारीतला एक म्हातारा माणूस, हात पुढं जोडून. त्याच्या तोंडाभोवती लाल चौकट आली होती.

'हा चेहरा बहुधा बनावट आहे. सगळ्या फोटोंतून पुसू का?'

खाली 'हो' आणि 'नको'.

प्रणालीनं 'नको' दाबलं. पंधराव्या थप्पीला परत तीच चौकट. विसावीला परत. फरक्याला तिनं सगळ्या थप्प्या एकदम उघडायला लावल्या, तेव्हा कळलं की नवरा-नवरी सोडले तर त्या लग्नात सगळ्यात जास्त फोटो याच माणसाचे होते. आणि प्रत्येक फोटोत माणसं मोजली तर चार.

आता तासगावकडं काय, आपल्याकडं कुठंच तिघांचा फोटो काढत नाहीत. काढला तर तिघांतला एक जातो. तीन बहिणी स्टेजवर आल्या की फोटोवाला ओरडतो, 'अहो, तिघी होतायत, एक जण या', आणि जो हाताशी असेल तो येऊन उभा राहतो. मुबारकचाचा तर या बाबतीत पक्के. त्यांनी उभ्या जन्मात तिघांचा फोटो काढला नव्हता.

"चाचा, हे कोण?"

"मुलीकडचे असतील."

"तुमच्याच कॅमेऱ्यात आलेत. मग बनावट कसे?"

चाचांनी नीट बघितलं. "माणूस ओळखीचा वाटतोय," ते म्हणाले, "पण नाव नाही सांगता येत. हाक मारली की येतात. चांगले आहेत."

प्रणालीनं सूर्यवंशी वहिनींना फोन लावून फोटो पाठवला. नवरीची आई ती, लग्नाचा शीण अजून आवाजात होता.

"आमच्याकडचे नाहीत हो. मुलाकडचे आहेत. मी त्यांना स्वतः आग्रह करून जिलबी वाढली. नको नको म्हणत होते."

खराड्यांकडं लावला, तर तिकडून नवऱ्याचा मोठा भाऊ म्हणाला, "ते मुलीचे मावसकाका ना? आम्ही त्यांना मानाचा फेटा बांधला."

"तुमचे नाहीत?"

"आमचे असते तर फेटा आम्ही कशाला बांधला असता?"

संध्याकाळी वहिनींचा परत फोन आला. दोन्ही घरांत बोलणं झालं होतं आणि एकमत झालं होतं. लग्नानंतर पहिल्यांदाच. "कुणाचेच नाहीत म्हणे. मग काढून टाका बाई. उगीच परका माणूस सगळ्या अल्बमभर."

प्रणालीचं बोट 'हो'वर गेलं. जाणारच, सांगितलेलं काम ते. पण टाकायच्या आधी दोन फोटो शेजारीशेजार ठेवून बघायची तिची सवय. तिनं डावीकडं आत्याबाई ठेवल्या, उजवीकडं हा माणूस, आणि दोघांच्या रेघा मोठ्या केल्या. आत्याबाईंची रेघ शिवणयंत्राच्या टाक्यासारखी होती, एकसारखी. या माणसाची पण होती. टाके होते, तीन होते, चार होते. मग काहीच नाही. सपाट. मग एकदम परत टाके. बनावट चेहऱ्याला मुळातच रेघ नसते. ही होती आणि मधेच तुटत होती.

मुबारकचाचांची भाची यास्मिन मिरजेला एका हॉस्पिटलात हृदयाचे आलेख काढायची. तिकडच्या लोकांना सांगायला नको, त्या जिल्ह्यात दुखणं वाढलं की मिरज. चाचांनी रेघ तिला पाठवली. मिनिटभरात फोन.

"मामू, हा कुणाचा आलेख आहे? आणि असा का काढलाय?"

"आलेख कुठला? लग्नातला फोटो आहे."

मग तिनं प्रणालीला फोनवर घेतलं आणि फोटो कसे काढले, किती सेकंदांचे आहेत, सगळं विचारलं. "हे बघ ताई," ती म्हणाली, "हे जर खरं असेल, तर या माणसाचं हृदय अधूनमधून साडेतीन सेकंद थांबतंय. त्याला चक्कर येत असेल. तो उन्हाला, नाहीतर वयाला नावं ठेवत असेल. एक दिवस थांबेल ते परत सुरू होणार नाही. फोटोवरून मी शपथेवर काही सांगू शकत नाही. पण त्याला घेऊन या. महिना नका लावू, या आठवड्यात आणा."

"आम्हाला तो कोण हेच माहीत नाही."

"मग शोधा," यास्मिन म्हणाली.

मंगळवारी सकाळी प्रणालीनं स्टुडिओचे जुने अल्बम, न निवडलेल्या फोटोंसकट, फरक्यापुढं टाकले. सात वर्षांतली एकशेचाळीस लग्नं. फरक्यानं पाणी प्यायच्या आत उत्तर दिलं: हा माणूस त्यातल्या त्रेसष्ट लग्नांत आहे. सफारी तीच. जागा तीच, डावीकडून पहिली. प्रत्येक फोटोत तो चौथा. प्रणालीनं सात वर्षांचे सात फोटो एका ओळीत मांडले. बाहेरून माणूस फारसा बदललेला नव्हता, कानाजवळ थोडं पांढरं वाढलं होतं एवढंच. खालच्या रेघा मात्र दरवर्षी थोड्या उसवत गेल्या होत्या. पहिली अखंड. तिसरीत एक टाका सुटलेला. पाचवीपासून भोकं.

आणि त्रेसष्टच्या त्रेसष्ट लग्नं एकाच ठिकाणची, भिलवडी रस्त्यावरच्या द्राक्षवेल मंगल कार्यालयातली.

दोघं तिथं पोचले तेव्हा कार्यालय रिकामं होतं. मॅनेजर पाटील खुर्च्यांच्या चळती मोजत होता. फोटो बघून तो हसला.

"हे होय? हे तर तुमचेच."

"आमचे?" चाचा म्हणाले.

"स्टुडिओचे. तुम्ही हाक मारता, ते येतात. मला वाटलं पगारी आहेत."

आचारी घोरपडे मागून हात पुसत आला. त्यानं पण बघितलं. "मी त्यांना दर लग्नाला पहिल्या पंगतीला बसा म्हणतो. मला वाटायचं पाटलांचे सासरे."

"माझे सासरे वारलेत," पाटील म्हणाला.

"ते मला काय माहीत? मी म्हटलं, तब्येत सुधारली."

राहतात कुठं, नाव काय, कुणालाच सांगता येईना. त्रेसष्ट लग्नांत ज्याला नमस्कार केला, जिलबी वाढली, फेटा बांधला, त्याला एकदाही कुणी नाव विचारलेलं नव्हतं. विचारायचं कसं? मानाचा पाहुणा असला आणि आपण ओळखलं नाही असं झालं, तर केवढी फजिती.

प्रणालीनं स्टेजकडं बघितलं. मग म्हणाली, "पाटील, घोरपडेकाका, चला वर. माझ्या दोन बाजूला उभे राहा."

"कशाला?"

"तिघं होऊ या."

मुबारकचाचांना आधी समजलं नाही, मग समजलं. त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला, दुसऱ्या हातात माईक घेतला आणि बटण चालू केलं. बाहेरच्या दोन्ही भोंग्यांतून त्यांचा आवाज द्राक्षांच्या बागांवरून पार ओढ्यापर्यंत गेला.

"अहो, तिघं होतायत. एक जण या."

काही नाही. घोरपडे हसायला लागला. चाचांनी परत हाक दिली. तिसऱ्यांदा द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागच्या दारातून बिस्किटी सफारीतला माणूस आत आला, वरचं बटण लावत लावत. लग्न नाही, मांडव नाही, एक खुर्ची मांडलेली नाही, याचं त्याला काही नवल वाटलेलं दिसलं नाही. तो पायऱ्या चढला, डावीकडून पहिल्या जागेवर उभा राहिला आणि त्यानं हात पुढं जोडले.

प्रणालीच्या हातात फरक्या उघडलेली काचेची पाटी होती. चाचांच्या कॅमेऱ्यातून सरळ तिथं चित्र येत होतं. चौघांच्या चेहऱ्यांखाली चार रेघा. तिची स्वतःची चांगलीच पळत होती. चौथी थांबली. प्रणालीनं मनात आकडे मोजले. एक. दोन. तीन. चार. शेजारी त्या माणसानं डोळे मिटले, त्याचा हात आपोआप मागच्या पडद्याकडं गेला आणि पडदा मुठीत आला. मग रेघ उसळली.

"पायऱ्या जरा उंच आहेत इथल्या," तो म्हणाला.

पायऱ्या तीन होत्या.

त्याला खुर्चीत बसवलं. नाव श्रीपती कुंभार, वय एकाहत्तर. कार्यालयामागं बेदाण्याचं जुनं शेड होतं, तिथल्या कोपऱ्यातल्या खोलीत एकटेच राहायचे. तीस वर्षं त्या शेडमधे बेदाण्याची प्रतवारी केली होती, नुसत्या नजरेनं: हिरवा वेगळा, पिवळा वेगळा, डागाळलेला बाजूला. मग कॅमेऱ्यावाली मशिनं आली आणि नजरेचं काम संपलं. मालकानं खोली राहू दिली.

"पण लग्नांत कसे येता तुम्ही?" प्रणालीनं विचारलं.

श्रीपतींनी मुबारकचाचांकडं बघितलं. "यांनीच बोलावलं. सात वर्षं झाली. मी रस्त्यानं चाललो होतो. हे दारात येऊन म्हणाले, अहो पाहुणं, तिघं होतायत, जरा उभं राहा. राहिलो. दुसऱ्या वेळेला परत तसंच. आता माणूस जरा उभं राहा म्हणतोय, तर नाही कसं म्हणायचं?"

"या अल्ला," मुबारकचाचा हळूच म्हणाले.

"आणि खोटं सांगत नाही," श्रीपती म्हणाले, "मी ज्या तिघांत उभा राहिलो, त्यातलं आजवर कुणी गेलेलं नाही. तपासून घ्या."

(प्रणालीनं नंतर खरंच तपासलं. एकशेऐंशी त्रिकुटं आणि त्यातले सगळे जिवंत, एक तर विहिरीत पडून वर आलेला. ज्यांना विश्वास ठेवायचा नाही त्यांनी ठेवू नये.)

तिनं त्यांना सगळं सांगितलं. रेघ, थांबणारं हृदय, यास्मिन, मिरज. त्यांनी शांतपणे ऐकलं, शेवटी मान हलवली. "बरं केलंत सांगितलंत. पण आता नको. गुरुवारी इथं जाधवांचं लग्न आहे. तीन जावा आहेत आणि तिघींचं एकमेकींवाचून पान हलत नाही. मी मिरजेला जाऊन बसलो तर चौथं कोण?"

"मी उभा राहतो की," घोरपडे म्हणाला.

"तुम्हाला कढईवरनं हलता येतं का कधी? आणि वय झालंय बाई माझं. थांबलं तर थांबलं. मागं रडायला कोण आहे?"

मग प्रणालीनं पाटी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि फरक्या उघडला. डावीकडं सात वर्षांपूर्वीचे श्रीपती, उजवीकडं रविवारच्या लग्नातले. "काका, तुम्ही प्रतवारी केलीत ना तीस वर्षं? मग करा. हे दोन दाणे शेजारीशेजार ठेवलेत."

श्रीपतींनी पाटी आधी लांब धरली, मग जवळ. उजेडाकडं तिरकी केली. डोळ्यांखाली बघितलं, ओठांचा रंग बघितला, दोन्ही फोटोंतल्या नखांपर्यंत गेले. "माल उतरलाय," शेवटी म्हणाले. "मशिननं बाजूला काढला असता." पण उठले नाहीत.

तेवढ्यात उजवीकडच्या चेहऱ्याभोवती लाल चौकट आली.

"हे काय लिहिलंय?"

प्रणालीनं खरं सांगितलं. फरक्याला तुटकी रेघ कळत नाही, तो तुम्हाला बनावट समजतो. दोन्ही घरं म्हणाली पुसून टाका. आता अल्बम कागदाचे राहिलेले नाहीत, घरोघर भिंतीवरच्या पाटीत असतात. इथं 'हो' म्हटलं की तिथनं पुसला जातो माणूस. रेघ अशीच राहिली तर फरक्या दर लग्नात विचारणार. आणि एक दिवस तिच्या जागी दुसरं कुणीतरी बसलेलं असेल.

"सगळ्यातून? त्या पहिल्यातून पण? तीन लेकी उभ्या होत्या त्यातून?"

"सगळ्यातून."

"मग ते परत तिघंच राहतील की," श्रीपती म्हणाले. त्यांचा चेहरा पहिल्यांदाच उतरला. जरा वेळ त्यांनी सफारीच्या खिशाची शिवण चाचपली. "माझं सोडा. पण केवढी तरी घरं आहेत ती. अशी उघडी टाकायची कशी?" आणि ते खुर्चीचा हात धरून उभे राहिले. "चला. मिरजेची गाडी कुठं लागते?"

गाडी कसली, चाचांनी आपल्याच गाडीत घातलं. वाटेत कवलापूरजवळ नाडी एकदा पाच सेकंद थांबली. प्रणालीनं श्रीपतींचा हात धरला होता, आणि ते शुद्धीवर आल्यावर म्हणाले की इथला रस्ता खराब आहे. दवाखान्यात यास्मिन दारातच उभी होती. खरा आलेख निघाला, डॉक्टरांनी बघितला आणि पुढचं विचारायला कुणाला वेळ मिळाला नाही. संध्याकाळी पाच वाजता श्रीपतींच्या छातीत, गळ्याच्या हाडाखाली, पेसमेकर बसला. हृदयानं दम खाल्ला की हा त्याला टोचणी देणार, की बाबा, चल. फॉर्मवर नातं लिहायची जागा होती. तिथं मुबारकचाचांनी बराच वेळ पेन टेकवून ठेवलं, आणि लिहिलं, 'फोटोतले'.

गुरुवारी जाधवांच्या तिन्ही जावांनी रुसून फोटोच काढला नाही. पंधरा दिवसांनी, टाके काढल्यावर, श्रीपती त्यांच्या घरी जाऊन उभे राहिले आणि तो काढून घेतला. त्या फोटोची जीवरेषा बघण्यासारखी होती. एकसारखी, मोजून मापून, मिनिटाला बरोबर साठ. फरक्यानं ती बघितली आणि इतकी नीट रेघ माणसाची नसणार असं ठरवून लाल चौकट टाकली. प्रणालीनं 'नको' दाबलं. त्या माणसापुरतं ते बटण तिनं कायमचं दाबून ठेवलं.

इथवर ऐकून कुणालाही वाटेल की सगळं गोड झालं. पण गावात गोष्ट पसरली. आधी लोक कौतुकानं आले. मग एक दिवस दुपारी एक बाई आली, चांगल्या घरातली, मुलाचं लग्न करायचं होतं. तिनं पर्समधून फोन काढला आणि मुलीचे फोटो दाखवले. बघायच्या कार्यक्रमात हळूच काढलेले होते, मुलगी पोह्यांची बशी पुढं करताना, एकासारखे एक तीनशे फोटो.

"जरा शेजारीशेजार लावून बघा की," बाई म्हणाली. "आतनं काही दुखणं वगैरे नाही ना. बाहेरून काय, सगळ्याच छान दिसतात."

"तिला विचारलंय का तुम्ही?" प्रणाली म्हणाली.

"तिला कशाला विचारायचं? तुम्ही त्या म्हाताऱ्याला विचारलं होतं का आधी?"

प्रणालीनं खरंच विचारलं नव्हतं.

"तसलं आता काही दिसत नाही," तिनं सांगितलं. "बंद केलंय आम्ही."

बाई नाराज होऊन गेली. मुबारकचाचांनी दार लावून घेतलं. "लोक माझ्यापुढं हसायला उभे राहतात पोरी," ते म्हणाले. "छाती उघडायला नाही. मला आता कॅमेरा लावताना हात जड होतो."

"आणि श्रीपतीकाका? तेव्हा बंद असती तर?"

चाचांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. "तेच तर," म्हणाले. "त्याचं काय करायचं ते तू सांग. शिकलेली आहेस."

त्या दिवशी प्रणालीनं फरक्याच्या सेटिंगमधे जाऊन जीवरेषा बंद केली, आणि नूर फोटोत पुन्हा डोळे मिटले की उघडे एवढंच बघायला लागले.

आता शपथेची गोष्ट. आरंभी मोठ्या तोंडानं घेतली होती, आणि सगळं खरंच सांगितलं: विहिरीत पडून वर आलेला पण खरा आणि जुळ्या मुंग्या पण खऱ्या. एकच वाक्य मनाचं घातलं, ते हे शेवटचं. तिनं बंद नाही केली. बोट ठेवलं होतं, पण त्या वेळी समोर निमणी गावच्या एका लग्नाचा फोटो उघडा होता, आणि त्यात तिसऱ्या ओळीत चोवीस-पंचवीस वर्षांची कुणीतरी हसत उभी होती. तिची रेघ मधेच एक टाका गाळत होती. रेघ अजून चालू आहे. ती अजून बघते, आणि कुणाला सांगत नाही की बघते.

तर आता पुढच्या कार्याला तुम्ही नटूनथटून फोटोला उभे राहाल आणि तिला तुमच्या चेहऱ्याखाली तसलं काही दिसलं, तर तिनं फोन उचलावा, की चांगला फोटो निवडून गप्प बसावं?